घामाची साक्ष

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास संग्राम स्वयंपाकघरात आला, ओट्याशी उभा राहिला आणि शेगडीची बटणं फिरवायला लागला. आधी डावं, मग उजवं, मग पुन्हा डावं.

"हर्षा, तीन नंबरचं गेट बसत नाही," तो म्हणाला. "पाणी आत यायला लागलंय. तू कॉटवर चढून बस."

फरशी कोरडी ठणठणीत होती. गॅसचा वास आला तेव्हा मला भान आलं. मी वाकून सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली आणि त्याचे हात धरले. ते इतके थरथरत होते की माझ्या बांगड्या वाजायला लागल्या. मी घाबरले. एकोणीस वर्षांच्या संसारात मी त्याला पडलेला, ओकलेला, रडलेला, सगळा पाहिला होता. पण माझ्याकडे बघताना माझ्या मागचं काहीतरी बघणारा संग्राम मी कधी पाहिला नव्हता.

समोर मी त्याला अहो म्हणते. इथे एकेरी लिहितेय कारण सोपं पडतं, आणि थोडा राग आहे म्हणूनही.

आम्ही कासारघळ धरणाच्या वसाहतीत राहतो. बावीस घरं, एक मारुतीचं देऊळ, एक बंद पडलेली व्यायामशाळा. आम्हाला मूलबाळ नाही. संग्राम धरणाचे दरवाजे चालवतो. केबिनमध्ये बसून पडद्यावर पाण्याची पातळी बघायची आणि वरून आदेश आला की सांगतील तेवढं गेट उचलायचं. कामात हुशार माणूस. प्यायल्यावरही त्याचा हात सरळ चालायचा, आणि तेच आमच्या मुळावर आलं, कारण कुणाला कधी संशयच आला नाही.

आठ महिन्यांपूर्वी घामपट्टी आली. बस, क्रेन, गेट, ऑपरेशन थिएटर, जिथे एकाच्या हातात अनेकांचा जीव असतो तिथल्या सगळ्यांना ती सक्तीची झाली. दिसायला जखमेवरच्या पट्टीसारखी, दंडावर चिकटवायची. दारू प्यायली की यकृत ती मोडतं, आणि त्या मोडतोडीतून उरलेला एक पदार्थ पुढे काही दिवस घामातून झिरपत राहतो. तोंडाचा वास वेलचीने जातो, हा पदार्थ कशाने जात नाही. पट्टी तो मोजते. काही नसलं तर कडेचा ठिपका हिरवा, असलं तर लाल. पट्टीवर बाहेरून दारू शिंपडून उपयोग नाही. ती माणसाच्या यकृतातून गेलेलीच असावी लागते.

अदलाबदल होऊ नये म्हणून तिच्यात आणखी एक सोय होती. प्रत्येकाच्या कातडीवर राहणारे जीवाणू वेगळे, त्यामुळे प्रत्येकाच्या घामाची घडणही वेगळी, बोटाच्या ठशासारखी. पहिले पंधरा दिवस पट्टी लावणाऱ्याचा घाम शिकून घेते. त्यानंतर तिच्या लेखी तोच तो माणूस, दुसरा कुणी नाही.

पट्टी मिळाली त्या संध्याकाळी संग्रामने ती डबीतून बाहेरही काढली नाही. "पंधरा दिवस तू लाव," तो म्हणाला. "तेवढ्यात मी सोडतोच आहे."

आता हे वाचून कुणी मला वेडी म्हणेल. पण लग्न झाल्यापासून त्याची दारू सुटावी म्हणून मी सोळा सोमवार दोनदा केले, दर संकष्टीला उपाशी राहिले, एकदा वर्षभर पायात चप्पल घातली नाही. तो पिणार आणि उपास मी करणार, अशी आमच्या घरची रीतच पडली होती. त्याचं पुण्य मी कमवायचं आणि त्याच्या खात्यावर देवाने लिहायचं. त्याच्या नावाची पट्टी माझ्या दंडावर लावताना मला काही वेगळं करतेय असं वाटलंच नाही. हात जोडूनच लावली मी ती.

पंधरा दिवसांनी त्याने दारू सोडली नव्हती आणि पट्टीने मला शिकून घेतलं होतं.

पट्टी कामाच्या जागी आहे की नाही, हेही वर दिसायचं. म्हणून त्याची पाळी असेल तेव्हा मी डबा घेऊन केबिनमध्ये जायचे आणि आठ तास मटार सोलत, नाहीतर क्रोशाचं काम करत बसायचे. वसाहतीतल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. "इतक्या वर्षांनीही नवऱ्याला नजरेआड होऊ देत नाहीस गं," पद्मजा वहिनी म्हणायच्या. त्या फोरमनच्या बायको, आमच्या शेजारच्या. मनाने चांगल्या, पण त्यांना काही सांगायचं म्हणजे देवळाच्या भोंग्यावरून सांगण्यासारखं. मी लाजायचे. लाजण्याचं कारण त्यांना वाटायचं ते नव्हतं.

संग्रामला जानेवारीत प्रशस्तिपत्र मिळालं. सलग हिरवा कर्मचारी. ते त्याने भिंतीवर लावलं, आणि त्या दिवशी जरा जास्तच प्यायला.

मग या आठवड्यात आदेश निघाला. हंगाम सुरू होण्याआधी, सोमवारी, सगळ्या ऑपरेटरांचं रक्त घेणार. रक्तात दुसऱ्याचं नाव घालता येत नाही. संग्रामने बुधवारी संध्याकाळी अर्धी बाटली माझ्या हातात दिली. "लपव," म्हणाला. "मी मागितली तरी देऊ नकोस." त्याचे डोळे भरले होते. मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री तुपातला शिरा केला. बाटली गव्हाच्या पिंपात खोल पुरली.

गुरुवारी तो चिडचिडा होता. शुक्रवारी त्याने काही खाल्लं नाही, घामाने दोन गंज्या भिजवल्या. मी म्हटलं, सुटताना होणारच. आणि शनिवारी तो शेगडीपाशी उभा राहून गेट बंद करायला लागला.

मी त्याला कॉटवर बसवलं, अंगावर चादर टाकली आणि फोनवर वाटाड्या उघडला.

पूर्वी म्हणे 'जवळचं व्यसनमुक्ती केंद्र' असं शोधलं की वीस नंबर यायचे. त्यातले निम्मे बंद. काही ठिकाणी माणसाला साखळीने बांधून ठेवायचे, काही ठिकाणी भावाभावांच्या भांडणात धडधाकट माणूस बेवडा म्हणून डांबायचे. ते सगळं थांबावं म्हणून वाटाड्या आला. राज्यातली सगळी केंद्रं, सगळ्या खाटा, सगळ्या गाड्या एकाच यंत्राकडे. कुणाला किती निकड आहे ते पट्टी सांगणार, यंत्र जवळची खाट देणार, गाडी दारात येणार. माणूस खोटं बोलतो, घाम बोलत नाही, अशी त्याची जाहिरात होती. गोष्ट चांगलीच होती. माझ्या मावसभावाला त्यानेच वाचवलं.

दारू एकदम तोडल्यावर काय होतं, तेही त्यात लिहिलं होतं. मी उभ्या उभ्या वाचलं. दारू मेंदूचा ब्रेक दाबून ठेवते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला असला की मेंदूही हट्टाने अॅक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो, म्हणजे गाडी कशीबशी चालत राहते. दारू अचानक थांबली की ब्रेक सुटतो, अॅक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. हात कापतात, भास होतात, फिट येतात, ताप चढतो, हृदय थकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धोका सर्वांत जास्त. औषध वेळेत मिळालं तर माणूस आठवड्यात हिंडायला लागतो. नाही मिळालं तर जीव जाऊ शकतो.

मी तारखा मोजल्या. तिसरा दिवस चालू होता.

"नमस्कार," वाटाड्यातली बाई बोलली. बाई कसली, यंत्रच. "संग्राम विठ्ठल शिर्के यांची पट्टी आठ महिने तीन दिवस हिरवी आहे. अभिनंदन. निकड शून्य."

"ते पितात," मी म्हटलं. "रोज पितात. बुधवारी थांबवलीय. आता त्यांना भास व्हायला लागलेत. गाडी पाठवा."

"कुटुंबीयांची तोंडी माहिती खाट देण्यासाठी ग्राह्य धरली जात नाही. आपल्याला कौटुंबिक समुपदेशन हवं आहे का?"

मी फोन ठेवला आणि कराडच्या केंद्राचा जुना नंबर शोधून लावला. तिथे खरीखुरी बाई होती, आवाज मऊ होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मला कळतंय," ती म्हणाली. "पण खाट वाटाड्यानं दिल्याशिवाय आमचं दारच उघडत नाही वो. कुलूपसुद्धा त्याच्याकडंच आहे. पट्टी लाल झाली की लगेच येईल बघा गाडी."

गावातल्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर शिबिराला गेले होते. सिस्टर म्हणाल्या, असल्या केसेस हल्ली आम्ही घेत नाही, थेट वाटाड्यालाच कळवा. मी ब्लाऊजची बाही वर केली, पट्टीचं टोक उचकटलं आणि ती संग्रामच्या दंडावर दाबून धरली. ती लगेच बारीक आवाजात किणकिणायला लागली. अनोळखी घाम. मी घाईघाईने पुन्हा माझ्या दंडावर लावली तेव्हा ती गप्प झाली.

संग्राम कॉटवर पाय वर घेऊन बसला होता. "माने, सायरन दे," तो कोपऱ्यातल्या शिलाई मशीनला सांगत होता. "खालची वाडी उठव. माने, ऐकू येत नाही काय तुला?" माने त्याचा सहकारी, तो त्या वेळी सहा किलोमीटरवर आपल्या घरी झोपला असेल. संग्रामचा एक गाल आपोआप उडत होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

पद्मजा वहिनींकडे जावं म्हणून मी उंबऱ्यापर्यंत गेले. त्यांच्या घरी गाडी होती. पण त्यांना कळलं की अर्ध्या तासात वसाहतीला, तासाभरात साहेबांना. पट्टीची फसवणूक म्हणजे नोकरी गेली, वर दोघांवर खटला. आठ महिने केबिनमध्ये बसून मी ज्यासाठी मटार सोलले ते सगळं एका दुपारीत गेलं असतं. मी उंबऱ्यावरून परत फिरले. ती चूक माझी, तिचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

परत फिरताना मला वाटलं, गाडी एकदा दारात येऊ दे. यंत्राला दिसत नाही, पण गाडीतून माणसं येतील. माणसांना डोळे असतात. ती संग्रामकडे एकदा बघतील आणि उचलून नेतील.

आणि गाडी यायला पट्टी लाल व्हायला हवी होती.

मी गव्हाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. बाटलीला गव्हाचा कोंडा चिकटला होता, तो पदराने पुसला. आयुष्यात मी दारूचा थेंब घेतला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन बघायचे. पेल्यात ओतली, लिंबाचं सरबत मिसळलं, डोळे मिटले आणि उपास सोडताना तीर्थ घेतात तसं घेतलं. घशात जाळ झाला. ओकारी आली ती मी तोंडावर हात दाबून परत गिळली, कारण बाहेर पडली तर उपयोग नव्हता. मग दुसरा पेला. तिसऱ्याच्या वेळी ओट्याची कड धरावी लागली.

साडेतीन वाजता ठिपका पिवळा झाला. चारला पाच कमी असताना लाल. फोन आपोआप बोलला: "गंभीर जबाबदारीवरील व्यक्ती. निकड सर्वोच्च. कराड केंद्र, खाट क्रमांक अकरा. गाडी निघाली आहे. धीर धरा."

मी जमिनीवर बसले आणि रडले. सुटलो, असं वाटलं. खोली माझ्याभोवती सावकाश फिरत होती.

वीस मिनिटांत गाडी आली. एक ड्रायव्हर आणि एक बाई, पन्नाशीच्या, दणकट, छातीवर नावाची पाटी: विजयमाला. त्यांच्या हातात वीतभर लांबीचं एक यंत्र होतं. गाडीचा निळा दिवा बघून वसाहत अंगणात जमायला वेळ लागला नाही. पद्मजा वहिनी सगळ्यांत पुढे.

"आत आहेत," मी म्हटलं. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. "आत कॉटवर. लवकर चला."

विजयमालाताईंनी माझ्याकडे बघितलं, नाक किंचित आकसलं आणि यंत्र माझ्या दंडाला लावलं. घाम जुळल्याची हिरवी रेघ उमटली.

"हेच पेशंट," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"नाही, मी नाही. नावाने बघा. संग्राम शिर्के. पुरुष आहे पेशंट."

"नाव नवऱ्याचं लिहिलंय खरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पिणाऱ्या बायकांना घरच्यांच्या अर्जावर पट्टी देतात ती बी नवऱ्याच्याच नावानं निघते, ताई. रोज बघतो आम्ही ही गल्लत. नाव चुकतं, घाम चुकत नाही."

तेवढ्यात संग्राम दारात आला.

मला अजून कळत नाही त्याला ते कसं जमलं. पण एकोणीस वर्षं तो साहेबांपुढे, पाहुण्यांपुढे, पोलिसांपुढे असाच उभा राहत आलेला होता. परकं माणूस दिसलं की त्याच्या अंगातलं काहीतरी ताठ व्हायचं. त्याने शर्टाची बटणं लावली होती, केसांवरून पाणी फिरवलं होतं, हात पाठीमागे बांधून खांदा चौकटीला टेकला होता. तीन दिवस तो दारूला शिवला नव्हता, तेव्हा वासाचा प्रश्नच नव्हता. वास माझ्या तोंडाला येत होता. झोकांड्या मी खात होते.

"हे बघा त्यांच्याकडे," मी म्हटलं. "हात बघा त्यांचे. ताप बघा. पितात ते हेच. पट्टी त्यांची आहे, पहिल्या दिवसापासून मी लावलीय, मी फसवलंय, माझ्यावर केस करा. पण त्यांना न्या."

आठ महिने जे झाकलं ते मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं. विजयमालाताई मात्र जराही चमकल्या नाहीत.

"प्रत्येक जण हेच म्हणतं, ताई. पट्टी माझी नाही, पितो तो दुसराच. पहिले चार दिवस सगळेच म्हणतात." मग त्या संग्रामकडे वळल्या. "तुमाला घाम फार आलाय, साहेब. बरं वाटतंय ना?"

"उन्हातून आलो," संग्राम म्हणाला.

"एकच विचारते. घरात पिणारं कोण?"

संग्रामने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी तो मला बघत होता, माझ्या मागचं काही नाही. मी त्याला ओळखते. त्याला सगळं कळलेलं होतं: गाडी कशासाठी आलीय, मी काय प्यायलेय, का प्यायलेय. एक शब्द बोलला असता तर झालं असतं. सोमवार त्याच्या डोळ्यांसमोर असेल, भिंतीवरचं प्रशस्तिपत्र असेल, बावीस घरांची माणसं तर समोर उभीच होती.

"तीच," तो म्हणाला. "कितीदा समजावलं मी तिला."

अगदी मऊ आवाजात म्हणाला. साहेबांशी बोलायचा तो आवाज. मी त्याच्यासाठी किती वेळा खोटं बोलले त्याची गणती नाही, आणि दर वेळी समोरच्याच्या डोळ्यांत शंका राहायची. तो एकदाच बोलला आणि सगळ्यांना पटलं.

"अगं बाई," पद्मजा वहिनी कुणाला तरी म्हणाल्या, "म्हणून ही केबिनमध्ये जाऊन बसायची होय. एकटी राहिली की प्यायची म्हणून नेत असतील ते बिचारे."

विजयमालाताईंनी माझा एक दंड धरला, ड्रायव्हरने दुसरा. मी झाडाला धरावं तशी तुळशीवृंदावनाला धरून बसले. मी ओरडले, वहिनींच्या पाया पडते म्हटलं, तुम्ही तरी आत जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघा. वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि मान दुसरीकडे फिरवली. माझ्या तोंडून जेवढे शब्द बाहेर पडत होते तेवढा दारूचा वास बाहेर पडत होता. खरं बोलायचं तर शुद्धीत बोलायला हवं, आणि शुद्ध मी त्याच्यासाठी पिऊन टाकली होती.

मला गाडीत बसवलं, पट्टे आवळले. दार अजून उघडं होतं. तिथून आमचं अंगण सरळ दिसत होतं. माणसं पांगायला लागली होती, सगळ्यांच्या पाठी घराकडे. परकी नजर कुणाची उरली नाही तसा संग्रामचा खांदा चौकटीवरून घसरला. तो सावकाश वाकला, आधी एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग दुसऱ्या. मग एक हात हवेत धरून, तोल सांभाळत, जपून पहिल्या पायरीवर पाय टाकला, चाचपला आणि मागे घेतला. चेहरा पांढराफटक पडला होता. तो कंबरेकडे बघत होता, मग छातीकडे.

"ते बघा," मी म्हटलं. "पाणी. पाणी चढलंय. ते बुडतायत, ताई, मागे बघा, पाणी त्यांच्या छातीला लागलंय."

विजयमालाताईंनी वळून बघितलं. ऊन होतं, तापलेली फरशी होती, आणि पायरीवर पँट दुमडून उभा असलेला एक माणूस होता.

"कुठंय पाणी, ताई?" त्या मायेने म्हणाल्या. त्यांनी दार ओढून घेतलं, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हातातल्या यंत्रावर टिपून घेतलं: चार वाजून एकवीस मिनिटं, रुग्णाला भास सुरू.